दिवाळीपर्यंत एक आकाशकंदील

‘ताई, सप्रेम नमस्कार. मी ऐरोलीला राहते, वय ४३, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. लहानपणी वडील रविवारी रेडिओ उघडून बसायचे, मी शेजारी बसून स्क्रू सांभाळायचे. पुढे कॉमर्सला गेले आणि ते सगळं राहून गेलं. यंदा ऑनलाइन आर्डुइनोचं (कोड लिहून चालवायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं) मोठं किट मागवलं. व्हिडिओ बघून एलईडी लुकलुकवला, मग तसेच आठ-दहा प्रयोग केले. कोड जसाच्या तसा उतरवायचा, वायरी दाखवतात तशा लावायच्या, चालतं. पण व्हिडिओ बंद केला की स्वतःहून एक वायरही लावता येत नाही. गेल्या आठवड्यात ९ व्होल्टची बॅटरी बोर्डावर ‘५ व्ही’ लिहिलेल्या पिनला लावली. जळका वास आला आणि आता कॉम्प्युटर बोर्ड ओळखतच नाही. मुलगा आठवीत आहे. म्हणाला, “आई, कळत नाही तर कशाला हात लावतेस?” फार लागलं. मला खरं तर संध्याकाळी आपोआप लागणारा आकाशकंदील करायचा होता. नवीन बोर्ड घेऊ? क्लास लावू? सुटे भाग घ्यायला लॅमिंग्टन रोडला जाऊ? की या वयात हा नाद सोडूनच देऊ?’
– एक वाचक, ऐरोली

सप्रेम नमस्कार.

नाद सोडू नका. दिवाळीला अजून दीड महिना आहे आणि तुमचा आकाशकंदील यंदाच्याच दिवाळीत तुमच्या गॅलरीत लागू शकतो. त्याला आर्डुइनो लागतच नाही. संध्याकाळी दिवा लावायला एक ट्रान्झिस्टर (करंट चालू-बंद करणारा तीन पायांचा भाग), एक एलडीआर (उजेड-अंधार ओळखणारा भाग), दोन रेझिस्टन्स (करंटला अडवणारे भाग), एक एलईडी आणि तीन पेन्सिल सेल पुरतात. यातलं बरंचसं तुमच्या किटमध्ये पडलेलं असणार. तेव्हा नवीन बोर्ड आत्ता घेऊ नका.

आधी त्या जळलेल्या बोर्डाबद्दल सांगते, कारण काय झालं ते कळलं नाही तर भीती मनात घर करून बसते. आर्डुइनो उनोला बाहेरून वीज द्यायचे वेगवेगळे रस्ते आहेत. गोल जॅकमधून किंवा ‘व्हीइन’ पिनमधून ७ ते १२ व्होल्ट दिले तर बोर्डावरचा रेग्युलेटर ते ५ वर आणतो. ‘५ व्ही’ ही पिन मात्र रेग्युलेटरच्या पलीकडची. तिथे जे द्याल ते थेट चिपपर्यंत जातं. त्या चिपची, एटमेगा ३२८पीची, सहनशक्ती जास्तीत जास्त ६ व्होल्टची. तुम्ही ९ दिले. चूक एवढीच, आणि ती चूक पिनवरच्या अक्षरांतून कळण्यासारखी नाही. बोर्डावरची चिप लांबट, २८ पायांची आणि सॉकेटमध्ये बसवलेली असेल तर ती काढून बूटलोडर (कॉम्प्युटरवरून कोड आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) घातलेली दुसरी बसवता येते. पुष्कळदा बोर्ड त्यावर पुन्हा उठतो. ते काम दिवाळीनंतर करा.

आता मुख्य गोष्ट. व्हिडिओ बंद केला की हात थांबतात, याचं कारण तुमचं वय नाही आणि कॉमर्सही नाही. तुमच्याच कामातलं उदाहरण देते. नव्या मुलीला तुम्ही जुनं लेजर दिलंत आणि म्हणालात, ‘हे जसंच्या तसं उतरव.’ तिने अक्षरन्‌अक्षर उतरवलं. तिला अकाउंट्स आले का? ज्या दिवशी ट्रायल बॅलन्स जुळणार नाही आणि फरक कुठे आहे हे ती एकेक व्हाउचर बघत स्वतः शोधून काढेल, त्या दिवशी तिला अकाउंट्स यायला लागतील. इलेक्ट्रॉनिक्समध्येही सर्किट उतरवून ते येत नाही, मोजून जुळवलं की येतं. ही सवय तुम्हाला वीस वर्षं आहे. फक्त रुपयांच्या जागी व्होल्ट आहेत.

म्हणून पहिली खरेदी मल्टिमीटरची. साधा डिजिटल चालेल, काही शे रुपयांत मिळतो. फक्त त्यात कंटिन्युइटीचा बझर (दोन टोकं एकमेकांना जोडलेली असली की वाजणारा) आहे ना, एवढं दुकानात वाजवून बघा. काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या खाचेत. लाल वायर ज्या खाचेवर व्होल्ट आणि ओहमचं चिन्ह आहे तिथे, आणि ती तिथेच राहू द्या. शेजारची १० अँपिअरची खाच तुम्हाला कित्येक महिने लागणार नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी मीटर तपासायला बसायचे. पहिल्याच वर्षी माझी लाल वायर त्या करंटच्या खाचेत राहिली आणि तशीच मी पॉवर सप्लायचा व्होल्टेज मोजायला गेले. करंटच्या खाचेत मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तारच असते. ठिणगी उडाली, टोक काळं पडलं, सप्लाय बंद पडला. त्यानंतरच्या तीस वर्षांत टोक टेकवण्याआधी लाल वायर कुठे आहे ते बघितल्याशिवाय मी एकही माप घेतलेलं नाही. तुम्हीही हीच सवय लावून घ्या.

पहिल्या संध्याकाळी फक्त एक एलईडी लावा. तीन सेल होल्डरमध्ये घाला, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, मोजा. नवे अल्कलाइन सेल असतील तर ४.७ च्या आसपास येईल. सेलच्या अधिकाकडून ३३० ओहमचा रेझिस्टन्स (नारिंगी, नारिंगी, तपकिरी पट्टे), त्यातून लाल एलईडीचा लांब पाय, आखूड पाय वजाला. लागला? आता थांबा. व्हिडिओत इथे पुढचा प्रयोग सुरू होतो, तुम्ही मात्र मीटर उचला. एलईडीच्या दोन पायांवर टोकं ठेवा, १.९ च्या आसपास दिसेल. रेझिस्टन्सच्या दोन टोकांवर ठेवा, २.८ च्या आसपास. वहीत लिहा आणि बेरीज करा: ४.७. सेलने जेवढे दिले तेवढे दोघांत वाटले गेले. किरचॉफ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ मध्ये हा नियम मांडला. तुमच्या भाषेत त्याचं नाव जमा-खर्च.

आता ३३० काढून एक किलोओहमचा रेझिस्टन्स लावा. एलईडी मंद होईल. पुन्हा मोजा. एलईडीवर आकडा फारसा हलत नाही, १.८-१.९ मध्येच राहतो. उरलेलं सगळं रेझिस्टन्स स्वतःकडे घेतो. रेझिस्टन्सवरचे व्होल्ट भागिले त्याचे ओहम केलं की करंट मिळतो. ३३० असताना साधारण साडेआठ मिलिअँपिअर होता, आता तीनच्या आत आला. हे दोन भागाकार कागदावर स्वतःच्या हाताने केलेत की ‘एलईडीला रेझिस्टन्स का लागतो’ हा प्रश्न पुन्हा कुणाला विचारावा लागत नाही. एलईडी आपला हिस्सा घेऊन बसतो, उरलेले २.८ व्होल्ट घ्यायला कुणीतरी हवंच. घेणारा नसेल तर करंट भरमसाट वाढतो आणि एलईडी जातो. ते जळणं बघायचं असेल तर टिंकरकॅड या वेबसाइटच्या सिम्युलेटरमध्ये बघा. तो फुकट आहे, तिथे एलईडी कितीही जळले तरी खिशाला चाट नाही.

ब्रेडबोर्डबद्दल, म्हणजे सोल्डर न करता पाय खोचून सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीबद्दल, दोनच गोष्टी. मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकांची रांग आतून जोडलेली असते. आणि कडेच्या लांब पट्ट्या, ज्यांवर लाल-निळी रेघ असते, त्या बऱ्याच मोठ्या बोर्डांत मध्यावर तुटलेल्या असतात. रेघ मध्येच खंडित दिसली तर तिथे वायरचा तुकडा घालून जोडा. शंका आली की बझर लावून बघा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत डब्यात पडून राहिलेल्या वायरींची आणि रेझिस्टन्सची टोकं काळपट होतात आणि भोकात नीट टेकत नाहीत. ती खरवडून मगच खोचा, नाहीतर सर्किट बरोबर असूनही दिवा लागणार नाही आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसाल.

दुसऱ्या आठवड्यात एलडीआर. कागदाच्या बारीक चकतीवर नागमोडी रेघ काढल्यासारखा तो दिसतो. त्याला उलट-सुलट नाही. मीटर ओहमवर ठेवून त्याचे दोन पाय धरा. ट्यूबलाइटखाली काही हजार ओहम दिसतील. तळहाताने झाका, आकडा चढेल. कपाटात ठेवून दार लोटा, लाखांत जाईल. या एवढ्या खेळावर पंधरा मिनिटं घालवा आणि मुलालाही बोलवा. बोटाच्या सावलीने आकडा पळताना बघणं हा मला आजही आवडणारा क्षण आहे.

त्यानंतर ट्रान्झिस्टर. बीसी ५४७ घ्या. सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली: डावीकडे कलेक्टर, मधे बेस, उजवीकडे एमिटर. एमिटर सेलच्या वजाला. कलेक्टरवर आधीचाच एलईडी आणि ३३० ओहम, वरून अधिकाला. म्हणजे एलईडीचा जो आखूड पाय वजाला जात होता तो आता कलेक्टरला. बेसवर दोन गोष्टी येतात: अधिकाकडून ४७ किलोओहमचा रेझिस्टन्स (पिवळा, जांभळा, नारिंगी) आणि वजाकडे एलडीआर. झालं. अख्खं सर्किट एवढंच.

ते करतं काय? ४७ किलोओहममधून थोडासा करंट बेसकडे यायला निघतो. उजेडात एलडीआरची वाट मोकळी असते, करंट तिकडूनच वजाला निघून जातो आणि ट्रान्झिस्टर झोपून राहतो. अंधार पडू लागतो तशी ती वाट अरुंद होते, करंटला बेसमध्ये शिरावं लागतं आणि ट्रान्झिस्टर उघडून एलईडीला वाट देतो. वाचून हे पटेल, पण कळायचं असेल तर संध्याकाळी सहाला बोर्ड गॅलरीत नेऊन ठेवा. मीटरची काळी वायर वजाला, लाल बेसला. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. दिवसाउजेडी ०.१ च्या आसपास किंवा त्याहून खाली. सूर्य खाडीपलीकडे मावळला की ०.२, ०.३ असं चढायला लागेल. ०.६ च्या जवळ एलईडी अगदी मंद उजळेल. मग अंधार कितीही वाढला तरी बेसवरचा आकडा ०.७ च्या आसपास अडकून राहील, एलईडी मात्र झगझगीत होत जाईल. ट्रान्झिस्टर जागा व्हायचा उंबरठा तो हाच. तुमच्या वहीतल्या दहा-बारा ओळींमध्ये तो उंबरठा तुम्हाला दिसेल, तेव्हा मला वाटतं ट्रान्झिस्टर तुमचा झाला.

उजेड पुरता जायच्या आधीच दिवा लागला, तर ४७ च्या जागी १०० किलोओहम लावा. उंबरठा गाठायला एलडीआरला अजून अंधार लागेल, म्हणजे दिवा उशिरा लागेल. का, ते वाटणीच्या हिशोबाने स्वतः काढून बघा. उत्तर मी मुद्दाम देत नाही.

एक अडचण तुम्हाला शंभर टक्के येणार, ती आधीच सांगते. एलईडीचा स्वतःचा उजेड एलडीआरवर पडतो. दिवा लागला की एलडीआरला वाटतं दिवस उजाडला, तो करंट पुन्हा ओढून घेतो, आणि दिवा अर्धवट मिणमिणत राहतो. व्हिडिओ बघून जोडणारा इथे वायरी बदलत सुटतो. वायरी बरोबरच असतात. एलडीआरला काळ्या स्ट्रॉचा सेंटिमीटरभर तुकडा टोपीसारखा घाला आणि त्याचं तोंड कंदिलाच्या बाहेर, आकाशाकडे करा. समोरच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे मात्र नको, नाहीतर पालिकेचा दिवा लागला की तुमचा विझेल.

एकट्या एलईडीने कंदील उजळत नाही. तिसऱ्या आठवड्यात चार-पाच लावा, प्रत्येकाला त्याचा स्वतःचा ३३० ओहम. एवढ्यांना बेसचा करंट अपुरा पडतो, म्हणून दुसरा बीसी ५४७ जोडा: पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दुसऱ्याचा एमिटर वजाला, दोघांचे कलेक्टर एकत्र. आता उंबरठा दुप्पट, १.२ ते १.४ व्होल्ट झालेला दिसेल. एलईडी लाल किंवा पिवळे घ्या. पांढऱ्याला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि तीन सेलवर तो फिकट पडतो. पाच एलईडी मिळून ३० मिलिअँपिअरच्या आसपास खातील, तेव्हा चांगल्या अल्कलाइन सेलवर दिवाळीच्या चार-पाच रात्री निघतील.

दिवा लागला नाही तर? काहीही उपटू नका. मीटरची काळी वायर वजाला रोवून ठेवा आणि लाल टोक सेलपासून एकेक पाऊल पुढे नेत चला. सेलवर ४.७ आहे? ब्रेडबोर्डच्या पट्टीवर आहे? रेझिस्टन्सच्या अलीकडे? पलीकडे? जिथे आकडा अचानक हरवतो, त्याच्या आणि मागच्या टप्प्याच्या मधे दोष. तुम्ही एकेक व्हाउचर टिक करत फरक शोधता, तसंच हे. पहिल्यांदा अर्धा तास लागेल. पाचव्या वेळी दोन मिनिटं लागतील.

लॅमिंग्टन रोडला जरूर जा, पण किटमध्ये काय आहे आणि काय नाही हे बघून, यादी लिहून. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथे पश्चिमेची गाडी बदलून ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरायचं. पाच-सात मिनिटं चाललात की दुकानं सुरू होतात. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं दिसेल, रस्ता तोच. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. नुसतं ‘रेझिस्टन्स द्या’ म्हणू नका, ‘३३० ओहम, क्वार्टर वॅट, दहा नग’ असं सांगा. गर्दीच्या काउंटरवर अशी यादी पुढे केलीत की कुणी तुम्हाला नवखं म्हणून टोलवत नाही. बीसी ५४७ दहा घ्या. अगदी स्वस्त असतात आणि दोन-तीन नक्की जातील.

सोल्डरिंग चौथ्या आठवड्यात, सर्किट ब्रेडबोर्डवर तीनदा मोडून तीनदा न बघता जोडता आल्यावरच. २५ वॅटचं आयर्न, स्टँड आणि झिरो पीसीबी (नुसती भोकं आणि तांबं असलेला कोरा बोर्ड). आयर्नचं टोक पाय आणि तांबं या दोघांना एकदम टेकवा, दोन सेकंद तापू द्या आणि सोल्डरची वायर त्या तापलेल्या जागेला लावा, आयर्नच्या टोकाला नाही. सोल्डर आपोआप पसरून चकचकीत छोटा शंकू बनतो. गोळा बनून बसला तर जागा तापली नव्हती. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर हे काम नको, खिडकी उघडी ठेवा आणि झाल्यावर हात साबणाने धुवा.

आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगते. भिंतीतल्या प्लगशी पहिलं वर्षभर तुमच्या कुठल्याही प्रयोगाचा संबंध येऊ देऊ नका. कंदिलात घरचा बल्ब लावून तो या सर्किटने चालू-बंद करावा, असं वाटेल. रिले मॉड्यूल (छोट्या करंटने मोठा दिवा चालू-बंद करणारा स्विच) किटमध्ये दिसेलही. नको. २३० व्होल्ट हा सरासरीसारखा आकडा आहे, त्याचं टोक ३२५ पर्यंत जातं, आणि जुने चार्जर किंवा पॉवर सप्लाय प्लगमधून काढल्यावरही त्यांच्या आतला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) एवढा भरलेला राहू शकतो. वडिलांचा जुना रेडिओ माळ्यावर असेल तर तोही तूर्त उघडू नका. तीन सेलवर जे शिकता येतं ते संपायला वर्ष लागेल.

क्लास आत्ता नको. हातात सर्किट आणि वहीत आकडे असल्याशिवाय क्लासमध्येही तुम्ही उतरवूनच घ्याल. कंदील झाला की बोर्ड घ्या आणि हाच एलडीआर, दहा किलोओहमच्या जोडीने, त्याच्या अ‍ॅनालॉग पिनला लावा. आर्डुइनो ० ते ५ व्होल्टचं ० ते १०२३ मध्ये रूपांतर करून दाखवतो. मीटरवर जे व्होल्ट दिसतात त्यांना २०५ ने गुणा आणि स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून बघा. त्या दिवशी कोडमधली एकही ओळ तुम्हाला परकी वाटणार नाही, कारण आत येणारा आकडा कुठून येतो हे तुम्ही आधीच मोजलेलं असेल.

मुलाचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. आठवीतला मुलगा आहे, बोर्ड जळला म्हणून तोही घाबरला असेल. गॅलरीतल्या त्या संध्याकाळी मीटर तुम्ही धरा आणि वही त्याच्याकडे द्या. तुम्ही आकडा वाचायचा, त्याने वेळेसकट लिहायचा. ते पान मलाही पाठवा. कितीला किती व्होल्ट होते आणि दिवा पहिल्यांदा केव्हा उजळला, ते मला बघायचं आहे.